प्रोजेक्टचा व्हिडिओ शूट करण्याआधी

प्रिय मित्रा,

ठोकळे रंगानुसार वेगळे करणारा तुमचा रोबॉट आता नीट चालतोय आणि त्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ परीक्षकांना पाठवायचा आहे, हे वाचून आनंद झाला. पहिल्या पंधरा सेकंदांतच तो ठोकळा उचलून योग्य खणात टाकताना दिसू दे. संस्थेचं बोधचिन्ह, टीममधल्यांची नावं, विषयाची ओळख हे सगळं त्यानंतर आलं तरी काही बिघडत नाही. परीक्षक एकामागून एक व्हिडिओ पाहत असतात, आणि यंत्र खरंच चालतं का, हेच त्यांना आधी बघायचं असतं.

कॅमेरा हातात घेण्याआधी संहिता लिहा. कागदाचे दोन उभे भाग करा. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. सावकाश, स्पष्ट बोललं तर मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत जेमतेम ३५० शब्द. त्यातही मधे मधे गप्प राहून नुसतं यंत्र दाखवायला जागा हवी, म्हणून ३०० वर थांबा. घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहा. सगळ्यांना एकेक वाक्य वाटून देण्याचा मोह टाळा. ज्याने जो भाग केला त्याने तो सांगितला, की आवाजातला विश्वास ऐकू येतो.

आवाजासाठी सगळ्यात जास्त वेळ राखून ठेव. चित्र थोडं कमी प्रतीचं असलं तरी लोक पाहतात, पण घुमणारा आवाज दोन मिनिटंही कोणी सहन करत नाही. दोन मीटरवर ठेवलेल्या फोनला बोलणाऱ्यापेक्षा भिंतींचा प्रतिध्वनीच जास्त ऐकू येतो. कॉलर माइक असेल तर तो हनुवटीखाली साधारण एक वीत लावा आणि ओढणी किंवा कॉलर त्यावर घासत नाही ना, ते हेडफोन लावून ऐका. माइक नसेल तर दुसऱ्या फोनवर आवाज वेगळा रेकॉर्ड करा. तो फोन बोलणाऱ्याच्या जवळ, पण चौकटीबाहेर ठेवा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावा. शून्याला टेकला की फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही. पंखा आणि एसी बंद. खोली घुमत असेल तर पडदे ओढा, गाद्या उभ्या करा. शेवटी वीस सेकंद कोणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. संकलनात दोन वाक्यांमधली फट बुजवायला ती लागते.

आवाज वेगळा घेतलात तर प्रत्येक टेकच्या, म्हणजे सलग चित्रणाच्या, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. टाळीचा टोकदार आवाज आणि हात जुळल्याचं चित्र एकत्र आणलं, की दोन्ही जुळतात. तरीही लांब टेकमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटायला लागले तर गोंधळू नका. बरेच फोन सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या चित्रांची (फ्रेमची) संख्या कमी-जास्त करत राहतात, त्यामुळे असं होतं. संकलनाआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल स्थिर फ्रेमरेटवर बदलून घ्या.

आता प्रकाश. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, बाजूला असू दे. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र वापरले तर चेहरा अर्धा निळा, अर्धा पिवळा दिसतो. दोन्हींपैकी एकच निवडा. चित्रात पट्टे सरकताना दिसले तर ती दिव्यांची लुकलुक असते. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करा, नाहीतर रोबॉटचा हात पुढे आला की सगळं चित्र उजळ-अंधुक होत राहतं. सेल्फी कॅमेरा नको, मागचा वापरा, आणि आधी त्याची काच पुसा.

तुमच्या रोबॉटच्या बाबतीत एक खास धोका आहे. रंग ओळखणारा सेन्सर ठोकळ्यावरून परतणारा प्रकाश मोजतो. शूटिंगसाठी तुम्ही वरून दिवा लावलात, की त्याचे आकडे बदलतात आणि काल अचूक चालणारं यंत्र आज लाल ठोकळा पिवळ्याच्या खणात टाकतं. म्हणून आधी दिवे लावा, मग त्याच उजेडात सेन्सर पुन्हा कॅलिब्रेट करा, म्हणजे प्रत्येक रंगाचे आकडे नव्याने ठरवून घ्या, मगच कॅमेरा सुरू करा. बॅटरीही पूर्ण भरलेली हवी आणि एक राखीव असावी. बरेच टेक झाले की व्होल्टेज उतरतं, सर्वो (हात हलवणारी मोटर) थरथरतो, कधी कंट्रोलर मधेच रीसेट होतो.

मोजणी दाखवणारा सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले (सात रेघांनी अंक दाखवणारा) डोळ्यांना ठीक दिसतो, पण व्हिडिओत एखादा अंक गायब होतो. त्यातले अंक आळीपाळीने पेटतात आणि वेगवान शटरला त्यातले काहीच सापडतात. शटर १/५० पर्यंत, किंवा वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/३० पर्यंत खाली आणा.

प्रात्यक्षिकाचा एक संपूर्ण टेक न कापता घ्या: रिकामे खण, सगळे ठोकळे, शेवटपर्यंत. कॅमेरा ट्रायपॉडवर. जिथे कट आहे तिथे हाताने मदत केली असेल, अशी शंका येतेच. मग पकड, सेन्सर आणि पट्ट्याचे क्लोज-अप घ्या, प्रत्येकी किमान दहा सेकंद स्थिर. एका शॉटमध्ये शेजारी मोजपट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. वेग वाढवलात तर पडद्यावर ‘४ पट वेग’ असं लिहा. दहापैकी एक ठोकळा चुकत असेल तर तेही सांगा, कारणासह. मोटरचा आवाज पूर्ण बंद करू नका, निवेदनाखाली हलकासा राहू द्या.

प्रोग्राम दाखवायचा असेल तर मॉनिटरचं शूटिंग करू नका, ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरने स्क्रीन रेकॉर्ड करा. एमकेव्ही या फाइल-प्रकारात रेकॉर्ड केलं तर मधेच संगणक बंद पडला तरी तोवरचं हाती राहतं, नंतर ओबीएसमध्येच एमपी४ करता येतं. अक्षरं इतकी मोठी करा की फोनवर पाहणाऱ्यालाही वाचता येतील. पूर्ण प्रोग्राम नको, रंग ठरवणाऱ्या आठ-दहा ओळी पुरेत.

संगीत घालायचंच असेल तर वापराची परवानगी असलेलं, आणि निवेदनाच्या बरंच खाली. उपशीर्षकं मात्र नक्की द्या, एका वेळी दोनच ओळी. संकलनातून फाइल बाहेर काढताना १०८० पी स्पष्टता, एच.२६४ कोडेक (व्हिडिओ आटोपशीर करण्याची पद्धत), सुमारे ८ ते १२ मेगाबिट प्रति सेकंद. तयार फाइल एकदा फोनच्या स्पीकरवर आणि एकदा हेडफोनवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. लिंक पाठवायची असेल तर ती लॉगिन नसलेल्या खासगी विंडोत उघडून पाहा. यूट्यूबवर ‘प्रायव्हेट’ राहिलेला व्हिडिओ परीक्षकांना उघडतच नाही, ‘अनलिस्टेड’ असेल तर उघडतो. हे सगळं अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशी उरका, कारण अपलोड झाल्यावरही पूर्ण स्पष्टतेचं चित्र तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर धूसर प्रतच दिसते.

सस्नेह