टॉर्च आणि हॅमर ही प्रवाळे घरच्या रीफ टाकीत शेजारी ठेवता येतील का?

एकाच टाकीत ठेवता येतील, परंतु एकमेकांना स्पर्श होईल इतक्या जवळ ठेवू नयेत. दोहोंमध्ये साधारण 15 सेंटिमीटर मोकळी जागा असावी. ही प्रवाळे जवळच्या नात्यातली असली, तरी टॉर्चचा डंख अधिक तीव्र असतो आणि त्याची लांब स्पर्शके प्रवाहाबरोबर दूरवर झुलतात, त्यामुळे संपर्क आल्यास बहुधा हॅमरचेच ऊतक जळते. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन हे आणखी एक प्रवाळ मात्र सहसा एकमेकांना सहन करतात, म्हणून शेजार हवाच असेल तर तो या दोघांचा निवडावा. गॅलॅक्सिया यांच्यापैकी कोणाच्याही आसपास नको. दिवसा निरुपद्रवी दिसणारे हे प्रवाळ विशेषतः रात्री फार लांब दंशस्पर्शके बाहेर सोडते. लेदर प्रवाळांची लढाई स्पर्शाविना चालते: ती पाण्यात टर्पीनवर्गीय रसायने सोडतात, आणि त्यांवर उपाय म्हणजे सक्रिय कोळसा व नियमित पाणीबदल. वर सांगितलेले अंतर मात्र प्रवाळ पूर्ण फुललेले असताना, स्पर्शकांच्या टोकांपासून मोजावे, आणि टॉर्च हॅमरच्या पुढे, प्रवाह ज्या दिशेने वाहतो त्या बाजूस ठेवावे.