बोललो तर लोक काय म्हणतील?

समुपदेशन करताना मागच्या काही वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की समोरचा नीट टेकायच्या आधीच कळतं मला. ऑफिसात एखाद्याची टर उडवतात, आपल्याला पटत नाही, पण तोंड उघडत नाही आणि रात्री झोप लागत नाही.

वाळूजच्या एका कंपनीतला क्वालिटी इंजिनिअर, मूळचा परभणीकडचा (तपशील बदललेत). डिपार्टमेंटमध्ये एकच मुलगी. ती मीटिंगमध्ये बोलायला लागली की कुणीतरी मधेच तोडणार, तिचाच मुद्दा नंतर दुसऱ्याच्या नावावर खपणार, वर "मॅडम, भाकरी तरी येते का" असले जोक. "सगळे हसायलेत, अन् मी बी मान खाली घालून हसायलोय." नंतर तिला एकटीला गाठून सॉरी म्हणायचा. एकदा ती म्हणली, सर, तुमचा सपोर्ट मला फक्त कॅन्टीनमध्येच मिळतो.

हे सांगताना आवाज बसला त्याचा.

बोललात तर काय होईल? "म्हणतील, दोघांचं कायतरी चालूय."

बरं, म्हणले. मग?

बराच वेळ गप्प. मीही गप्प, अशी शांतता न मोडणं मला फार उशिरा जमलं, पण आता जमतं. शेवटी स्वतःच हसला, "मग काय, दोन दिवस चघळतील अन् सोडतील." मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाला मानणारी, त्यामुळे टोमण्यापेक्षा त्याला आपण 'आता संपलंच' म्हणतो ना, तेच माणसाला जास्त बांधतं असं माझं ठाम मत, आणि ते त्याचं त्याला दिसलं याचा आनंद मला आजही आहे.

पुढच्या वेळी मात्र भलताच जोशात, थेट एचआरकडेच जातो म्हणे. तिला विचारलं? नव्हतं विचारलं! मदतीच्या नावाखाली तिचा निर्णय आपणच घेऊन टाकायचा, हे फार होतं. बोलणं लैंगिक छळाकडे झुकत असेल तर 2013 चा कायदा आहे, 10 किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती लागते, तक्रार लेखी आणि घटनेपासून साधारण 3 महिन्यांत, हे तिला सांगा, साक्षीला उभं राहायची तयारी दाखवा, पण तक्रार करायची का ते ती ठरवेल. तिनं मागितलं ते अगदीच छोटं होतं. मुद्दा तिचा आहे, एवढं सगळ्यांसमोर म्हणायचं.

वाक्य आम्ही पाचसहा वेळा घोकलं: "हे मॅडमनीच मांडलंय, त्यांनाच पूर्ण करू द्या."

सोमवारी म्हणला एकदाचा, अडखळत. दोघांनी टोमणा मारलाच.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तिनं बोलणं पूर्ण केलं, अन् आम्ही शिफ्टवर गेलो."