आईच्या फॉर्मात 2, बाईंच्या फॉर्मात 8. एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) प्रश्नावलीत खरं कोणाचं धरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. शाळेने सुचवलं म्हणून बालरोगतज्ज्ञांकडे गेलात. त्यांनी 55 प्रश्नांचा एक फॉर्म तुम्हाला दिला आणि 43 प्रश्नांचा एक वर्गशिक्षिकेसाठी. 'लक्ष न लागणे' या भागातल्या 9 प्रश्नांपैकी तुमच्या फॉर्मात 2 भरले, बाईंच्या फॉर्मात 8. बाईंचा मुलावर राग आहे का, आणि अशा टिका मारून आजार ठरतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, मी 'बाई' आहे. तुमच्या मुलाची नव्हे, पण 24 वर्षं मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवलंय आणि असे तीसेक फॉर्म तरी भरलेत. पहिला कसा भरला ते आधी सांगते. मधली सुट्टी, डबा समोर उघडा, मुलाची आई दारात ताटकळलेली. त्या मुलाने त्याच दिवशी सकाळी शेजारच्याच्या पाठीत कंपासपेटी हाणली होती. मी 'खूप वेळा'च्या रकान्यात वरून खालपर्यंत टिका मारत सुटले. 'वस्तू हरवतो का?' त्याच्यावरही टिक. खरं तर त्याचं एक खोडरबर कधी हरवलं नव्हतं, बोटाएवढी झालेली पेन्सिलही जपून ठेवायचा. पण डोक्यात कंपासपेटी होती. तेव्हा तुमची शंका अगदीच हवेतली नाही. फक्त 8 आले म्हणजे राग असणारच, असं मात्र धरू नका.

वर्णनावरून तुमचा फॉर्म व्हँडरबिल्टचा दिसतो. अमेरिकेतला, फुकट मिळणारा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, खूप वेळा. गुण 0 ते 3, आणि 2 किंवा 3 असतील तरच तो प्रश्न मोजतात. पहिले 9 प्रश्न लक्षाचे, पुढचे 9 चुळबुळीचे आणि घाईचे. कुठल्याही एका गटात 6 भरले तर पुढे बघायचं. शेवटी अभ्यास आणि मैत्री कशी चालली आहे याचे 8 प्रश्न असतात, तिथे काही अडत असेल तरच वरच्या 6 ला अर्थ. नुसता चुळबुळ्या मुलगा, ज्याचं काहीच अडत नाही, तो यात बसत नाही.

आता त्या 2 आणि 8 कडे या. फॉर्मच्या माथ्यावर एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही. वयाला शोभेल ते धरून उत्तर द्या, असं त्यात म्हटलंय. आता ज्या आईला एकच मूल आहे ती वयाला शोभेलसं कुठे बघणार? चुलतभावाकडे, नाहीतर स्वतःच्या लहानपणाकडे. 'याचे बाबापण अस्सेच होते' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फॉर्ममध्ये त्याचाही एक रकाना ठेवायला हरकत नाही. बाईंसमोर एकाच वयाची पन्नास पोरं असतात, तिची फूटपट्टी आपोआप तयार होते. शिवाय घरी तुम्ही त्याच्याशेजारी बसून अभ्यास घेता, एक एक ओळ बोट ठेवून. त्याचं लक्ष तुम्ही धरून ठेवलेलं असतं. वर्गात ते धरायला कोणी नसतं. मग तुमचे 2 खरे आणि बाईंचे 8 पण खरे, असं अगदी सहज होऊ शकतं.

आई आणि बाईंचे फॉर्म फारसे जुळत नाहीत, हे संशोधकांनाही जुनंच माहीत आहे. थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये असे कितीतरी अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलाला वेगवेगळ्या ठिकाणी पाहणाऱ्यांच्या उत्तरांचा मेळ सरासरी 0.28 निघाला. पूर्ण जुळलं असतं तर 1 आला असता. म्हणून तर दोन फॉर्म देतात. निदानाच्या नियमात (अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांचं डीएसएम-5 हे पुस्तक, 2013) लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजेत, सहा महिने टिकली पाहिजेत आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली असली पाहिजेत असं आहे. फक्त शाळेतच दिसतात म्हटल्यावर चांगला डॉक्टर विचारतो, शाळेत असं काय आहे?

इथे मी तुमच्या जागी असते तर तीन गोष्टी आधी तपासून घेतल्या असत्या. पहिली, कान आणि डोळे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या फॉर्मात 'समोर बोललं तरी ऐकत नाही'ला मी 3 दिले होते. तीन महिन्यांनी कळलं, सर्दी मुरून कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं, त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. फॉर्मने माझं उत्तर इमानदारीने मोजलं, कारण विचारणं त्याच्या कामात नव्हतं. दुसरी, झोप. तोंड उघडं ठेवून घोरणारी मुलं दिवसा पेंगतीलच असं नाही, उलट बऱ्याचदा थयथयाट करतात. तिसरी, वाचन. ज्याला अक्षरच लागत नाही तो पुस्तकात किती वेळ बघणार? शिकवताना क्षणभर शून्यात बघून पुन्हा भानावर येतो असं बाई म्हणत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कधीकधी ती फिट असते.

आणि मुलाचा जन्ममहिना बघा. वर्गातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या मुलात जवळपास वर्षाचं अंतर असतं, सातव्या वर्षी ते फार झालं. अमेरिकेत जिथे प्रवेशाची तारीख 1 सप्टेंबर आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलांना सप्टेंबरमधल्यांपेक्षा एडीएचडीचं निदान 34 टक्के जास्त झालेलं आढळलं, हा अभ्यास 2018 चा आहे. मुलं तीच, फक्त बाईंची फूटपट्टी वर्गातल्या मोठ्या मुलांची.

'टिका मारून आजार ठरतो का' याचं उत्तर नाही, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. पालकांचा हाच फॉर्म 2013 मध्ये तपासला, तेव्हा खरोखर एडीएचडी असलेल्या 100 पैकी 80 मुलं त्याने पकडली आणि नसलेल्या 100 पैकी 75 बरोबर सोडली. ऐकायला बरं वाटतं. आता समजा एका शाळेत 100 मुलं आहेत, त्यातल्या 5 जणांना खरंच हा त्रास आहे. फॉर्म त्यातले 4 पकडेल. उरलेल्या 95 पैकी जवळपास 24 जणांनाही पकडेल. 28 जणांच्या फॉर्मवर लाल खूण, त्यातले खरे 4. कोणाशी नीट बोलायचं ते त्यातून कळतं, एवढंच त्याचं काम. कोणी फक्त बेरीज बघून औषध लिहून देत असेल तर दुसरा डॉक्टर गाठा. उलट कोणाला त्रास देत नाहीत म्हणून खिडकीबाहेर बघत शांत बसणाऱ्या मुलींकडे कोणी बघतच नाही, त्याचाही मला राग येतो. त्यांच्यासाठी फॉर्म मागायलाच कोणी येत नाही, कारण त्या कोणाला कंपासपेटी मारत नाहीत.

भाषेचाही घोळ असतो. मराठी फॉर्म बहुतेक कोणीतरी जमेल तसा उतरवलेला असतो. एका आईने मला विचारलं, 'मोटर लावल्यासारखा पळतो' म्हणजे काय हो बाई? म्हटलं, पायाला भिंगरी. तिचा चेहरा खुलला आणि तिने 'खूप वेळा' टिक केलं, कौतुकाने! ज्या प्रश्नात तक्रार होती तो तिला शाबासकीसारखा वाटला. आपल्याकडे 6 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी दिल्लीच्या इन्क्लेन या संशोधन संस्थेने आयएनडीटी-एडीएचडी नावाचं साधन तयार केलंय, त्यात माहीतगार माणूस आईवडिलांना समोर बसवून विचारतो. शक्य असेल तिथे मला ही पद्धत बरी वाटते.

फॉर्म पुन्हा भरायची वेळ आली तर तुम्ही आणि मुलाचे बाबा वेगवेगळे भरा, एकमेकांचं न बघता. प्रत्येक 2 किंवा 3 समोर कडेला एक उदाहरण लिहा: 'मंगळवारी डबा बसमध्ये विसरला.' उदाहरण सुचलं नाही तर ती टिक पुन्हा एकदा तपासा. तारीख टाका, फोटो काढून ठेवा. औषध किंवा थेरपी सुरू झाली तर महिन्या-दोन महिन्यांनी त्याच माणसाने तोच फॉर्म भरायचा, तरच फरक कळतो. कॉनर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1969 मध्ये शिक्षकांसाठी यादी केली ती मुळात याच कामासाठी, औषधाचा गुण येतोय का ते बघायला.

बाईंना 'तुम्ही असं का लिहिलं' म्हणून जाब विचारू नका. 'कुठल्या तासाला जास्त होतं?' एवढंच विचारा. गणिताला होतं आणि चित्रकलेला नाही, की जेवणानंतर होतं, की दिवसभर, हे फॉर्मात कुठेच नसतं आणि बाईंना ते नक्की माहीत असतं. आणि डॉक्टरांकडे जाताना त्याची मराठीची आणि गणिताची वही घेऊन जा. पहिली पानं नाही, ती सगळ्यांचीच सुबक असतात. दिवाळीच्या सुट्टीच्या आधीची दोन-तीन पानं उघडून दाखवा.