पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वडील गेल्यापासून बँक, तलाठी कार्यालय, तहसील, झेरॉक्सचं दुकान आणि पुन्हा बँक, यातच दिवस सरतो. संध्याकाळी आई विचारते, "झालं का काम?" आणि तुला "नाही" म्हणावं लागतं. रोज तेच "नाही" म्हणून माणूस खचतो, हे खरं आहे. पण तो प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वारस नोंदीचंच बघ. अर्ज दिल्यावर तलाठी, म्हणजे आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी, वारसांची नावं आधी ६-क या वारस नोंदवहीत घेतात. मग गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, ती चावडीवरही लागते आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवावे लागतात. हरकत आली नाही की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतर सातबाऱ्यावर नावं चढतात. या सगळ्यात तुझ्या हातात असलेलं काम तीन-चार फेऱ्यांचं. बाकी दिवस कायद्याने थांबायचंच असतं. पूर्ण झालेली कामं मोजत बसलास तर महिनाभर रोज शून्य येईल. आईला म्हणावं, "कुठला कागद कुठल्या टेबलावर गेला ते विचार." याचं उत्तर बहुतेक संध्याकाळी देता येतं, आणि ते देता आलं की रात्री झोप लागते.

त्यासाठी एक जाड फुलस्केप वही घे. मोबाइलमध्ये लिहू नकोस. कार्यालयात उभ्या उभ्या वही उघडणं सोपं असतं, आणि पुढे आईला किंवा भावंडांना ती वाचताही येते. एका कामाला समोरासमोरची दोन पानं दे. डाव्या पानावर तारीख, कार्यालय, टेबल, समोरच्याचं पद, काय दिलं, काय सांगितलं आणि आवक क्रमांक. उजव्या पानावर फक्त पुढची तारीख आणि त्या दिवशी न्यायचे कागद. लिहायचं ते बाहेर पडल्यावर लगेच, पायरीवर बसून. घरी येईपर्यंत 'मंगळवारी या' चं 'पुढच्या आठवड्यात या' होऊन जातं.

आता पोच. बहुतेकांचे हेलपाटे इथेच वाढतात. अर्जाच्या नेहमी दोन प्रती ने. एक आवक-जावक टेबलावर दे आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घे. 'ठेवून जा, बघतो' असं म्हणाले तरी नम्रपणे थांब. पोच नसली तर अर्ज सापडत नाही म्हटल्यावर तू पुन्हा पहिल्या दिवसावर येतोस. पोच असली की तोच माणूस क्रमांक पाहून गठ्ठा काढतो. ऑनलाइन अर्ज केलास, जसा वारस नोंदीसाठी ई-हक्क प्रणालीत करता येतो, तर अर्ज क्रमांकाचं पान छापून त्याच वहीत चिकटव. आणखी एक लक्षात ठेव. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ज्या सेवा अधिसूचित आहेत, त्यांचे दिवस, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ती सेवा द्यायला जबाबदार असलेला अधिकारी, कार्यालयातल्या फलकावर लिहिलेले असायला हवेत. मुदत उलटली तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं. अपिलाचा उल्लेख मात्र पहिल्याच भेटीत करू नकोस. समोरचा कारकूनही दिवसभर लोकांची कामंच करतो आहे.

धावपळ सुरू करण्याआधी एक संध्याकाळ घरी बसून नावांचा तक्ता कर. उभ्या रांगेत घरातली माणसं, आडव्या रांगेत आधार, पॅन, पासबुक, सातबारा, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांचा मृत्यू दाखला. प्रत्येक ठिकाणी नाव जसं आहे तसंच, काना-मात्रेसकट उतरव. आईचं नाव दोन-तीन तऱ्हांनी निघण्याची शक्यता जास्त. कुठे माहेरचं, कुठे सासरचं, कुठे वडिलांच्या नावाचं अर्धंच रूप. हा फरक खिडकीवर कळला तर दिवस वाया जातो. घरी कळला तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवता येतं. मृत्यू दाखल्यात चूक असेल तर ती सगळ्यात आधी दुरुस्त करून घे, कारण पुढचा प्रत्येक कागद त्याच्यावरून उतरतो. त्याच्या निदान आठ-दहा प्रती काढून ठेव.

पिशवी आदल्या रात्री भर. मूळ कागद वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि ते फक्त दाखवायचे, कुणाच्या हाती सोडून यायचे नाहीत. झेरॉक्सचे तीन संच, प्रत्येकावर तुझी सही, तारीख आणि 'फक्त वारस नोंदीसाठी' असं आडवं लिहिलेलं, म्हणजे ती प्रत दुसरीकडे कुणाला वापरता येणार नाही. पासपोर्ट आकाराचे फोटो, गोंद, स्टेपलर, दोन पेनं, दहा रुपयांची दोन-तीन कोर्ट फी तिकिटं. एवढं जवळ असलं की कार्यालय आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यातली पायपीट संपते.

वारांचंही गणित आहे. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ ९.४५ ते ६.१५. बँका मात्र दुसरा आणि चौथा शनिवार सोडून इतर शनिवारी उघड्या असतात. म्हणून बँक शनिवारी आणि तहसील आठवड्यात सकाळी लवकर. एका तलाठ्याकडे बरेचदा एकाहून जास्त गावं असतात, तेव्हा तुमच्या गावी बसण्याचा वार विचारून घे. मार्चमध्ये ते वसुलीत असतात, अतिवृष्टी झाली की पंचनाम्यांना शेतात असतात, आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर प्रवेशाच्या दाखल्यांची गर्दी असते. त्या दिवसांत कुणी भेटलं नाही तर ते तुझ्यावर घेऊ नकोस.

वारसांच्या यादीबद्दल मला काळजी वाटते, म्हणून थोडं कडक लिहितो. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे वडिलांच्या मागे आई, सगळे मुलगे-मुली आणि वडिलांची आई, म्हणजे तुझी आजी, हे पहिल्या वर्गातले वारस. लग्न झालेल्या ताईचं नाव सोडायचं नाही. आणि आजीचं तर हमखास विसरतात. नाव सुटलं आणि कुणी हरकत घेतली की नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, होते, सुनावण्या लागतात आणि घरात अबोला येतो. ताईला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, नुसत्या मुद्रांक कागदावरच्या सहीने भागत नाही. आत्ता नोंदीत सगळ्यांची नावं येऊ देत. बाकीचं वर्षभरानेही बोलता येईल. दुःखाच्या दिवसांत कुणाकडून सही मागू नये.

नोंद प्रमाणित झाल्यावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत काढ आणि पेन्सिल घेऊन वाच. गट क्रमांक, प्रत्येकाचं नाव, क्षेत्र. १०० आर म्हणजे एक हेक्टर, ४० आर म्हणजे साधारण एक एकर. सगळ्या गटांची बेरीज ८-अ च्या, म्हणजे खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र दाखवणाऱ्या उताऱ्याच्या, बेरजेशी जुळते का ते बघ. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या जुन्या कर्जाचा बोजा राहिलेला असतो, फेड होऊनही. सोसायटीकडून बेबाकी दाखला आणून तो कमी करून घे. रांगेत उभं राहून हे करणारा घरात कुणीतरी लागतो, आणि आज ते काम तुझ्याकडे आलं आहे. कोऱ्या सातबाऱ्याकडे बघताना जे समाधान वाटेल ते कमी समजू नकोस.

बँकेचं सोपं आहे. नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला आणि नॉमिनीचे ओळखीचे कागद. सगळं पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. म्हणून तिथेही पोचेवर तारीख हवी. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची राहते, हे घरात आधीच सगळ्यांना सांगून ठेव.

आणि आईचं कुटुंब निवृत्तीवेतन सुरू झालं की दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागेल. आता तो घरी बसून फोनवर चेहरा दाखवूनही देता येतो. तो चुकला तर पुढचे पैसे थांबतात. वहीच्या शेवटच्या पानावर '१ नोव्हेंबर, आई' एवढं आजच लिहून ठेव, आणि वही कुठल्या कपाटात असते ते आईला दाखव.

तुझा,
काका