प्रत्येकाच्या कानात वेगळं

बाळा,
अनेक आशीर्वाद.

पक्षाच्या निवडणूक प्रचाराच्या वॉर रूममधली नोकरी मिळाली, अभिनंदन. पगार बरा आहे, लॅपटॉप मिळतोय, रात्रीचं जेवणही. (जेवण देतात म्हणजे लवकर घरी सोडणार नाहीत, एवढं धरून चाल.)

तू विचारलंस, प्रत्येक मतदाराच्या फोनवर वेगळा मेसेज पाठवण्यात वावगं काय, जाहिराती पूर्वीही होत्याच. होत्या. माझी वीस वर्षं त्यातच गेली. पण मैदानातल्या सभेत पुढारी जे बोलायचा ते शेतकरीही ऐकायचा आणि व्यापारीही. कुणी ना कुणी चौकात त्याची थाप पकडायचं. आता कांद्याचंच घे. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली. अशा वेळी लासलगावच्या फोनवर ‘तुमच्या भावासाठी भांडतोय’ आणि डोंबिवलीच्या फोनवर ‘कांदा आवाक्यात ठेवला’ हे एकाच संध्याकाळी, एकाच टेबलावरून सोडता येतं. एकाला काय सांगितलं, याचा दुसऱ्याला पत्ताही लागत नाही.

मतदारांची माहिती वापरून प्रचार आखणाऱ्या कंपनीचं, केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण २०१८मध्ये उघडकीस आलं. तिनंच ट्रम्पना निवडून आणलं असं लोक छातीठोकपणे सांगतात. ते सिद्ध झालेलं नाही, आणि स्वतःची जादू विकण्यात ती कंपनी पटाईत होती. मला खटकतो तो आकडा वेगळा. जिथून फेसबुकवरची माहिती गोळा झाली ते स्वभाव ओळखायच्या चाचणीचं अ‍ॅप भारतात अवघ्या ३३५ जणांनी घेतलं होतं. फेसबुकच्याच हिशेबानं माहिती गेली असावी ती ५,६२,४५५ जणांची. बाकीचे फक्त कुणाच्या तरी मित्रयादीत होते.

माझंही ऐक. एका क्लासचं काम होतं. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री साडेदहाला पालकांना एसएमएस गेला: ‘उद्या उशीर झालेला असेल.’ वेळ मीच निवडली, कारण त्या रात्री त्या घरांत कुणाचा डोळा लागलेला नसतो. सकाळपासून क्लासचे फोन खणखणत होते, दुपारी मला पेढे आले. त्या यादीत माझ्या बहिणीचाही नंबर होता. तिनं पाटल्या गहाण ठेवून फी भरली. मला कळलं ते दिवाळीत, भाऊबीजेला तिचे हात मोकळे दिसले तेव्हा.

तेव्हा रुजू हो, मी अडवत नाही. पहिल्याच आठवड्यात साहेबांना एवढं विचार: लासलगावचा मेसेज डोंबिवलीलाही पाठवू का? काय म्हणतात ते मला कळव.

काका