हवालदार आणि ‘४० एच ७’

साताऱ्यात माझ्याकडे नोकरी-शिक्षणाचा सल्ला घ्यायला येणाऱ्या माजी सैनिकांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: आयुष्यभर इंजिने खोलली, आता चाळिशीत पेन्शन घेऊन घरी आलो, तर मेकॅनिकल क्षेत्रात आपल्याला कोणी उभे करील का, की सिक्युरिटीची वर्दी चढवायची? या प्रश्नाचे उत्तर मी एका हवालदारांच्या अनुभवावरून देते. त्यांचे नाव-गाव वगळले असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४३. दहावीनंतर मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आयटीआय, त्यानंतर ईएमई कोअरमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या शाखेत, भरती आणि २४ वर्षांची सेवा; तिच्यातली बरीच वर्षे लेहसारख्या ठिकाणच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. पहिल्या भेटीत ते खुर्चीच्या कडेवर ताठ बसून म्हणाले, “मॅडम, स्टॅलियन ट्रकचं इंजिन मी रात्री बॅटरीच्या उजेडात उतरवलंय. पण परवा शिरवळला मुलाखतीत एका पोरानं ड्रॉइंग पुढं सरकवलं अन् विचारलं, या बोअरवर ४० एच ७ लिहिलंय, म्हणजे काय? मला सांगता आलं नाही.”

त्या खुणेचा अर्थ असा की छिद्राचा व्यास ४० मिलिमीटर हवा; तो फार तर २५ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा चालेल, लहान मात्र अजिबात चालणार नाही. बेअरिंग सैल बसते आहे की घट्ट, हे त्यांच्या बोटांना केव्हाच कळत होते. कागदावर तेच कसे लिहितात, हे त्यांना कोणी दाखवलेले नव्हते.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. त्यांचा पहिला बायोडेटा मी तयार करून दिला आणि त्यात शिस्त, प्रामाणिकपणा, नेतृत्व असे सगळे गुण ओळीने मांडले. महिनाभरात जे चार फोन आले, ते चारही सुरक्षा एजन्सींचे होते. दुसऱ्या खेपेस आम्ही गुण काढून टाकले आणि कामे लिहिली: कोणत्या गाड्यांच्या इंजिनांचे ओव्हरहॉलिंग केले, हाताखाली किती माणसे होती, सुट्या भागांचा हिशेब कसा ठेवला. फोन बदलले, पण कारखान्यांचे बोलावणे फिटरच्या जागेसाठीच येऊ लागले, कारण वरच्या पायरीला किमान डिप्लोमा लागतो.

कागदांच्या बाबतीत तर गैरसमजांचा गुंताच होता. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षे सेवा झालेल्या सैनिकाला पदवी-समकक्ष प्रमाणपत्र मिळते. तेवढ्यावर आपण इंजिनिअरच्या जागेला पात्र ठरतो, असे ते धरून चालले होते. वास्तविक ते प्रमाणपत्र, जेथे पदवी लागते पण तांत्रिक पात्रता लागत नाही, अशा सरकारी गट-क पदांसाठी असते. ओळखीच्या एका सुभेदारांनी एएमआयई, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, सुचवली होती, परंतु ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना तिची पदवी-समकक्षता मिळत नाही. मेहुण्यांनी आणलेली घरबसल्या बी.टेक.ची जाहिरात मी बाजूला ठेवायला लावली, कारण अभियांत्रिकी पत्रव्यवहाराने शिकवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केले आहे.

खरा उपयोगी कागद काळ्या ट्रंकेच्या तळाशी, वर्दीच्या घडीखाली पडून होता, आणि तो होता आयटीआयचे प्रमाणपत्र. दहावी व दोन वर्षांचा आयटीआय यांच्या आधारे पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. पेन्शन सुरू असल्याने दोन वर्षे घर चालणार होते, आणि माझ्या मते लष्करातून आलेल्या माणसाची सर्वांत मोठी जमेची बाजू हीच आहे. बाहेरच्या चाळिशीतल्या कामगाराला ही सवड कोण देतो?

वर्गात बसण्याची लाज पंधरवड्यात गेली. गणिताची अडचण मात्र खरी होती, कारण थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याचे पहिल्या वर्षाचे गणित झालेलेच नसते आणि पुढे सगळे त्याच्यावरच उभे असते. बारावीतली मुलगी रात्री जेवणे उरकल्यावर ओट्याशेजारी पाट टाकून त्यांना डेरिव्हेटिव्ह शिकवत असे आणि चुकले की “बाबा, पुन्हा” म्हणत असे. तरीही ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ची केटी लागली. त्या आठवड्यात त्यांनी एका बँकेच्या रक्षकपदाचा अर्ज भरून ठेवला होता. मी अर्ज फाडा म्हटले नाही. निकाल लागेपर्यंत खिशात राहू द्या, एवढेच सांगितले. पुढच्या परीक्षेत विषय सुटला.

आज ते शिरवळच्याच दुसऱ्या एका कारखान्यात देखभाल विभागात कनिष्ठ अभियंता आहेत. पगार त्यांच्या अपेक्षेएवढा नाही, आणि वरिष्ठ २८ वर्षांचा आहे. सुरुवातीला त्यांना हुकूम घेण्यापेक्षा “काका, जरा बघता का?” हे संबोधन अधिक टोचत असे. सैन्यात पद बोलते, कारखान्यात ते रोज नव्याने कमवावे लागते, हे पचायला त्यांना डिप्लोम्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि आमच्या निम्म्या बैठका त्यावरच खर्च झाल्या.

गेल्या महिन्यात ते पदवीचे विचारायला आले होते. नोकरीचे एक वर्ष झाल्यावर, नोकरदारांसाठी चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गांना त्यांना जायचे आहे. मुलीच्या शिक्षणाचे मार्गी लागेपर्यंत थांबा, असे मी सुचवले. ते ऐकायला तयार नाहीत, आणि अर्जाची तारीख त्यांनी माझ्यासमोरच डायरीत लिहून घेतली.