वाचनालयाचे दिवे राहू द्या, आधी रविवारचं मीटर बघा

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो. नॅकच्या (विद्यापीठ-महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था) तयारीत ‘कार्बन उत्सर्जन कमी करा’ म्हणून आमच्या पाच जणांची समिती नेमली आहे. पहिल्याच बैठकीत ठरलं ते असं : वाचनालय रात्री 10 ऐवजी सायंकाळी 5 ला बंद, शनिवारचे तास ऑनलाइन, एम.एस्सी.ची प्रात्यक्षिकं आठवड्यात चारऐवजी तीन दिवस, आणि पावसाळ्यात 2000 झाडं. झाडं सोडली तर मला यातलं काहीच पटत नाही. पण बोलायला गेलं की ‘तुम्हाला पर्यावरणाची कळकळ नाही’ म्हणतात. काय उत्तर देऊ?
— एक प्राध्यापक, मराठवाडा (गाव छापू नये अशी विनंती)

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचलं आणि मला आमची डार्करूम, म्हणजे प्रकाशाचे प्रयोग करायची अंधारी खोली, आठवली. मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवायचे. एका वर्षी वीजबिल वाढलं म्हणून दुपारी दोननंतर प्रयोगशाळेचा मेन स्विच बंद करायचं फर्मान निघालं. सोडियमचा दिवा लावला की आधी लालसर दिसतो, पिवळाधमक व्हायला आठ-दहा मिनिटं घेतो. मग दुर्बीण फोकस करायची, प्रिझमचं टेबल लेव्हल करायचं, आणि मग कुठं रीडिंग. तेवढ्यात दोन वाजायचे. लेकरांनी मार्ग काढला : गेल्या वर्षीच्या जर्नलातून रीडिंग उतरवायची. त्या वर्षी सगळ्या वर्गाच्या प्रिझमचा कोन एकसारखा, मिनिटाचाही (अंशाचा साठावा भाग) फरक नाही. मी त्या जर्नलांवर सह्या केल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता हिशोब बघा. तो दिवा 35 वॉटचा. असे 20 दिवे दोन तास चालले तरी दीड युनिटसुद्धा होत नाही. आपल्याकडच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण बरीचशी वीज अजून कोळशावरची. म्हणजे आम्ही एका दुपारचं शिक्षण बुडवून वाचवला तो एक किलो. एक लिटर डिझेल जाळलं तर 2.7 किलो होतो.

हाच हिशोब तुमच्या वाचनालयाला लावा. समजा 40 एलईडी ट्यूब 20 वॉटच्या आणि 20 पंखे 30 वॉटचे. पाच ते दहा या पाच तासांत 7 युनिट, म्हणजे पाच किलोच्या आत. दोन लिटर डिझेलही नाही! आणि त्या पाच तासांत तिथं कोण बसतं, हे समितीनं एकदा जाऊन बघावं. खोलीवर सहा जणी राहतात म्हणून वाचायला आलेली मुलगी, दिवसभर दुकानात काम करून सातला येणारा मुलगा. बैठकीत हाच कागद पुढे ठेवा. कळकळ कुणाला आहे याचा वाद घालत बसू नका, आकडे बोलतील.

उत्सर्जन कमी तर करायचंच आहे, मी त्यात तसूभरही मागे नाही. मे महिन्यात 42-43 अंशांत परीक्षा देणारी लेकरं ज्यांनी पाहिली, त्यांना हवा तापतेय हे वेगळं सांगायला लागत नाही. पण सुरुवात कुठून करायची? जिथं कुणी शिकत नाही तिथून. माझा सगळा सल्ला एवढाच आहे, बाकी तपशील.

एका रविवारी सकाळी मी वॉचमन मामांना घेऊन मीटरच्या खोलीत गेले. मामा म्हणाले, “मॅडम, आज कोण बसायलंय इथं? समदं बंद हाय.” सातचं रीडिंग वहीत लिहिलं. संध्याकाळी सातला पुन्हा गेलो. बंद इमारतीनं बारा तासांत 118 युनिट खाल्ले होते! मामा माझ्याकडं बघायलेत, मी मीटरकडं. मग दोघं मजला-मजला हिंडलो. तीन वॉटर कूलर गुरगुरत होते. कॉम्प्युटर लॅबचे मशीन शनिवारपासून चालू, त्यांचा यूपीएस गरम. एका केबिनमध्ये 18 वर लावलेला एसी, आत कुणी नाही. आणि जिन्यात मामा एकदम थांबले, कानाला हात लावला. गच्चीवरून पाणी पडत होतं. टाकी भरून वाहत होती, मोटार चालूच. ज्या मराठवाड्यात 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं रविवारी दुपारभर पाणी आणि वीज दोन्ही गच्चीवरून वाहत होते. केवळ रविवारचे बारा तास धरले तरी वर्षाला 6000 युनिटच्या वर, म्हणजे चार टनांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड. यातलं एक युनिटही कुणाच्या शिक्षणासाठी नव्हतं.

तुमचं कनेक्शन एचटी (उच्चदाबाचं, मोठ्या ग्राहकांचं) असेल तर मीटर बघायला रात्र जागवायची गरज नाही. बिलावर दिवसाच्या वेळेप्रमाणे युनिट वेगळे छापलेले असतात, रात्रीचा आकडा काढा. मीटरवरून स्वतः रीडिंग घेतलंत तर बिलावरच्या गुणकानं गुणायला विसरू नका, नाहीतर आकडा फारच लहान दिसेल आणि सगळे खूश होतील. 12 महिन्यांची बिलं, जनरेटरच्या डिझेलची बिलं, मेसच्या सिलिंडरचा हिशोब, वाहनांची लॉगबुकं एवढं गोळा झालं की तुमच्या समितीचं निम्मं काम झालं.

मग पंखे. जुना पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा पंखा) 30 च्या आसपास, वारा तेवढाच. 60 वर्गखोल्या, प्रत्येकी 6 पंखे, दिवसाला सहा तास, वर्षाला 200 दिवस धरा : 19 हजारांवर युनिट वाचतात, साडेतेरा टन. वर्ग तसाच भरतो, उलट रेग्युलेटरची खरखर नसल्यानं मागच्या बाकावर ऐकू जास्त येतं. पैसे एकदम नसतील तर आधी जिथं जास्त तास वर्ग चालतात तिथले बदला. एसी 24 वर ठेवा. एक अंश वर नेला की वीज साधारण 6 टक्क्यांनी घटते.

जीवशास्त्राच्या विभागात उणे 80 चे फ्रीजर असतील तर ते उणे 70 वर चालवता येतात का, हे तिथल्या संशोधकांना विचारा. विजेत मोठा फरक पडतो. पण निर्णय त्यांचाच राहू द्या. पाच वर्षांचे नमुने कुणाच्या परिपत्रकासाठी पणाला लावायचे नाहीत.

शनिवारच्या ऑनलाइन तासांबद्दल : वर्ग बंद ठेवून पंख्यांची वीज वाचते, पण घरोघरी पंखा नि मोबाइल चालूच असतो, आणि रेंज नसलेल्या तांड्यावरचं लेकरू तासाला मुकतं. ऑनलाइन करायचंच तर बैठका करा. आपली विद्यापीठं चार-चार जिल्ह्यांत पसरलेली आहेत. लातूरहून नांदेड साधारण 140 किलोमीटर. सही आणि चहासाठी एक डिझेल गाडी गेली-आली की 50 किलो. तेवढ्यात 6 नवे पंखे असलेली वर्गखोली रोज सहा तासांप्रमाणे दोन महिने चालते. प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक मात्र प्रत्यक्षच हवा. मुलाच्या हातातली ब्यूरेट (द्रव थेंब-थेंब मोजून सोडायची काचेची नळी) त्याला डोळ्यांनी दिसली पाहिजे.

आणि झाडं. तुम्हाला पटलेली एकमेव गोष्ट, आणि मी तिथंच अडवतेय, राग मानू नका. मोठं झालेलं झाड वर्षाला ढोबळमानानं वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. आज लावलेलं रोप पहिली काही वर्षं जवळपास काहीच शोषत नाही, आणि टँकरनं जगवायचं म्हटलं तर टँकरचं डिझेल त्याच्या खात्यावर. 2000 लावून फोटो काढण्यापेक्षा 200 कडुलिंब-करंज पश्चिमेच्या बाजूला लावा, जिथं दुपारचं ऊन भिंतीवर येतं. प्रत्येक रोप एकेका वर्गाच्या नावावर करा. सावली पडू लागली की भिंत तापत नाही, ती बचत लगेच कळते.

प्रात्यक्षिकं चार दिवसच ठेवा. यावर माघार घेऊ नका.

प्रश्न : मॅडम, आमचं वसतिगृह तीन मजली. वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये झोप लागत नाही. गच्चीवर सोलर बसवलं तर खोली थंड होईल का? ऊन तर मोप आहे.
— एक विद्यार्थिनी, धाराशिव

उत्तर : बाळा, थोडी होईल, कारण पॅनलची सावली स्लॅबवर पडते. एक किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पण ऊन मोप म्हणजे वीज मोप, असं मात्र नसतं. पॅनल तापलं की 25 अंशांच्या वर दर अंशाला 0.4 टक्क्याच्या आसपास वीज घटते. मे महिन्यात पॅनल 65 अंशांवर गेलं की सहावा हिस्सा तिथंच गेला. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून न बसवता उंच स्टँडवर बसवायला सांगा, खालून वारा खेळला पाहिजे. धूळ पुसायची ती पहाटे, थोड्या पाण्यात.

सोलर येईल तेव्हा येईल. या मार्चमध्ये आधी अर्ध्या गच्चीला चुना मारून घ्या : चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल, आणि दोन हात. आधी दुपारी दोनला रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या स्लॅबवर हात ठेवून बघ, मग त्या दोन्हींखालच्या खोल्यांतलं रात्री दहाचं तापमान आठवडाभर वहीत लिही. ती वही घेऊन रेक्टर मॅडमकडे जा. आणि एक प्रत मला पाठव, मला ते आकडे खरंच बघायचेत.